पंधरा वर्षांचा धर्मोपदेशक

पंधरा वर्षांचा मुलगा म्हटला, कीं आपल्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें? नववी-दहावींतला विद्यार्थी, मिसरूड नुकतेंच फुटूं लागलेलें, आणि आईनें चार हांका मारल्यावांचून पानावर न येणारा. या वयाच्या मुलांना मीं आयुष्यभर शिकविलें. त्यामुळें ज्या मुलाची हकीकत आज सांगणार आहें, ती वाचतांना माझ्यांतला शाळामास्तर प्रथम दचकला आणि मागाहून विचारांत पडला.

या मुलाचें नांव जोसेफ एफ. स्मिथ. अमेरिकेंत सन १८३० मध्यें स्थापन झालेल्या मॉर्मन पंथाच्या संस्थापकाचा हा पुतण्या. २७ जून १८४४ रोजीं इलिनॉय संस्थानांतील कार्थेज येथील तुरुंगावर जमावानें हल्ला केला आणि आंत असलेल्या संस्थापकाला व त्याच्या भावाला ठार मारलें. तो भाऊ म्हणजे या मुलाचा बाप. मुलगा तेव्हां पांच वर्षांचा होता. १८४८ सालीं विधवा आईबरोबर, स्वतः बैल हांकीत, अफाट मैदानें ओलांडून तो यूटामधील सॉल्ट लेकच्या वसाहतींत पोंचला. १८५२ सालीं आईहि वारली. पुढें शाळेंत गुरुजी धाकट्या बहिणीला चामड्याच्या पट्ट्यानें मारणार, हें पाहून तो मध्यें पडला. गुरुजी त्याच्यावर धांवले, तेव्हां त्यानें गुरुजींनाच चोप दिला. त्याचें शिक्षण तेथेंच संपलें. त्यानंतर थोड्याच काळानें, एप्रिल १८५४ च्या सभेंत, परदेशीं पाठवावयाच्या धर्मोपदेशकांच्या यादींत त्याचें नांव वाचलें गेलें. ज्याला शाळेंत टिकतां आलें नाहीं, त्याला लोकांचा गुरु म्हणून समुद्रापार धाडण्यांत आलें!

जहाजाच्या भाड्यास पैसा नव्हता. कॅलिफोर्नियांत छपरासाठीं लांकडी पट्ट्या काढण्याच्या कारखान्यांत राबून त्यानें पैसे मिळविले, आणि २७ सप्टेंबर १८५४ रोजीं तो हवाई बेटांतील होनोलुलू बंदरांत उतरला.

हीं बेटें म्हणजे निरक्षर, रानटी मुलूख होता, अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. हवाई तेव्हां स्वतंत्र राज्य होतें. 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी मंडळाचे लोक तेथें १८२० सालींच गेले होते. याच मंडळाचे लोक त्यापूर्वीं, १८१३ सालीं, मुंबईस आले होते. अहमदनगरचें मराठी मिशन आणि १८४२ सालीं निघालेलें 'ज्ञानोदय' हें त्यांचेंच कार्य. हवाई भाषेसाठीं त्यांनीं बारा अक्षरांची वर्णमाला ठरविली आणि १८३९ सालापर्यंत संपूर्ण बायबल त्या भाषेंत छापून काढलें. गांवोगांव शाळा होत्या आणि पुष्कळांना वाचतां येत होतें. अशा लोकांना शिकवावयास हा अर्धवट शिकलेला मुलगा आला होता, आणि त्यांच्या भाषेंतला एक शब्दहि त्याला कळत नव्हता. शिवाय आदल्याच वर्षीं देवीच्या सांथीनें त्या बेटांतील हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं होतीं. तो भेटला तो असा शोकग्रस्त समाज होता.

त्याला मावी बेटावर, हालेआकाला पर्वताच्या उतारावरील कुला या भागांत पाठविलें. भाषा शिकण्याचा एकच मार्ग होता: त्या लोकांत राहणें, त्यांच्याबरोबर जेवणें आणि पोरासोरांप्रमाणें चुकत चुकत बोलणें. सुमारें शंभर दिवसांत तो सभेंत बोलूं लागला. त्याच्या पंथाचे लोक याला ईश्वरी देणगी मानतात. मला एवढेंच वाटतें, कीं ज्याला बोलल्यावांचून अन्न मिळणार नाहीं, तो भाषा लवकर शिकतो.

त्या प्रवासांतच तो तापानें अंथरुणास खिळला. जवळ आपलें असें कोणी नव्हतें. मानुहीई नांवाच्या एका हवाई स्त्रीनें त्याला घरांत घेतलें आणि पोटच्या पोराप्रमाणें त्याची शुश्रूषा केली.

त्याचा आठवडा कसा जात असे? रविवारीं सभा, प्रार्थना व प्रवचन. इतर दिवशीं या गांवाहून त्या गांवीं पायपीट; जवळ पैसा न बाळगतां हिंडावें, लोक देतील तें खावें, अशी रीत होती. खाणें म्हणजे बहुधा 'पोई', आपल्या अळवाच्याच जातीचे कंद शिजवून कुटून केलेली चिकट लापशी. मधून मधून कपड्यांना ठिगळें लावणें, रोजनिशी लिहिणें आणि घरीं पत्रें पाठविणें. धाकट्या बहिणीला तो आवर्जून लिही; उत्तराची वाट मात्र महिनेच्या महिने पहावी लागे. १८५६ सालीं लानाई बेटावर लागलेल्या आगींत त्याचे कपडे व आधींच्या रोजनिशा जळाल्या. त्यानंतर कांहीं काळ त्याच्यांत आणि सोबत्यांत मिळून एकच धड पोशाख उरला होता. एकजण तो घालून सभेस जाई, तेव्हां दुसरा अंथरुणांत पडून राही, अशी आठवण सांगतात.

आजहि या पंथाचे अठरा वर्षांपासूनचे तरुण दोन वर्षें जोडीजोडीनें परमुलखीं जातात. आठवड्यांतला एक दिवस कपडे धुणें, बाजार करणें व पत्रें लिहिणें यांसाठीं राखलेला असतो, आणि फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्यास घरच्यांशीं फोनवर बोलण्याची मुभा आहे. आईचा आवाज ऐकूं येण्याची ही सोय त्या पोरक्या मुलाला असती, तरी ऐकावयाला आई कोठें होती?

त्याच्या १८५६-५७ च्या रोजनिशा शिल्लक आहेत. त्यांत भक्ति आहे, तसाच एकटेपणा आहे आणि चिडहि आहे. पंथांत येऊन पुन्हां मागें फिरणाऱ्या हवाई लोकांविषयीं त्यानें कठोर शब्द लिहिले आहेत. ज्यांच्या घरचें अन्न खाल्लें, त्यांच्याविषयीं असें लिहावें, हें मला रुचत नाहीं. परंतु वर्गांत तोंड न उघडणाऱ्या विद्यार्थ्यांवर संध्याकाळीं घरीं येऊन चरफडणारा नवखा मास्तर मला ठाऊक आहे. आपल्याला शिकवितां येत नाहीं, हें दुःख तो विद्यार्थ्यांच्या माथीं मारतो. सतराव्या-अठराव्या वर्षीं याहून अधिक समज कोठून यावी?

१८५७ सालीं यूटा आणि अमेरिकन सरकार यांत संघर्ष पेटला, आणि प्रचारकांना परत बोलावण्यांत आलें. ऑक्टोबरांत जोसेफनें बेटें सोडलीं, तेव्हां त्याला एकोणीस पूर्ण व्हावयास महिना उरला होता. पुढें १९०१ सालीं तो सबंध पंथाचा अध्यक्ष झाला आणि १९१८ सालीं मरेपर्यंत त्या पदावर राहिला.

परंतु या ऋणाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पंथाचे कांहीं हवाई अनुयायी देवालयाजवळ राहावें म्हणून सॉल्ट लेक शहरीं येऊन राहिले. तेथें त्यांना परकेपणाची वागणूक मिळाली. १८८९ सालीं त्यांच्यासाठीं दूर स्कल व्हॅली नांवाच्या रुक्ष खोऱ्यांत वसाहत काढण्यांत आली. तिचें नांव 'इओसेपा', म्हणजे हवाई उच्चारांतलें जोसेफ. समुद्रकांठच्या माणसांनीं त्या वाळवंटांत हिंवाळे काढले, शेती केली, कित्येकांना तेथेंच मूठमाती मिळाली. १९१५ सालीं हवाईंतच देवालय बांधण्याचें ठरलें, आणि १९१७ पर्यंत वसाहत ओस पडली. एका अनाथ परदेशी पोराला ज्यांनीं घरांत घेतलें, त्यांच्या बांधवांना त्या पोराच्या देशांत वेशीबाहेर जागा मिळाली. गांवाला नांव मात्र त्याचें दिलें होतें!

आतां शेवटचा प्रसंग. अध्यक्ष झाल्यावर जोसेफ होनोलुलूस गेला. धक्क्यावर फुलांच्या माळा घेऊन गर्दी जमली होती. तींत एक अतिवृद्ध, आंधळी स्त्री, दुसऱ्याचा हात धरून, लटपटत पुढें आली. हातांत थोडीं निवडक केळीं होतीं, आणि ती 'इओसेपा, इओसेपा' अशी हांक मारीत होती. ती मानुहीई होती. पंथाचा तो अध्यक्ष धांवत गेला, त्यानें तिला कवटाळलें आणि 'आई, आई' म्हणत डोळ्यांतून आंसवें गाळलीं.

श्रोतेहो, त्या बेटांवर तो कोणाला काय शिकवून आला, याचा हिशेब त्याच्या पंथानें ठेवला असेल. मास्तर म्हणून मला दुसराच हिशेब दिसतो. शाळेंत जें त्याला मिळालें नाहीं, तें त्याला एका परक्या बाईच्या घरीं मिळालें. आणि साऱ्या पंथाचा गुरु झाल्यावरहि, तिच्यापुढें आपण लेकरूंच आहों, एवढें तो विसरला नाहीं.