पुतळ्याच्या कातडीखाली

हीथ लेजर जानेवारी २००८मध्ये गेला. त्याने साकारलेला जोकर ‘द डार्क नाइट’मधून पडद्यावर आला तो त्यानंतर सहा महिन्यांनी, जुलैमध्ये. आज महागडे कलेक्टिबल पुतळे बनवणाऱ्या कंपन्यांची पानं चाळली, तर हा चेहरा पुन्हा पुन्हा समोर येतो. फासलेला पांढरा रंग, ओठांच्या कडेचे व्रण, कपाळाच्या सुरकुत्यांत भेगाळलेला मेकअप. फोनवर फोटो पाहताना हा सिनेमातला क्षण आहे की पुतळा, ते कळायला दोनदा झूम करावं लागतं.

हे जमतं कसं, असं विचारलं की ‘सिलिकॉन’ असं एका शब्दाचं उत्तर मिळतं. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. या पुतळ्याच्या आत काय आहे ते पाहायचं, तर अडीचशे वर्षं मागे जावं लागतं. आणि तिथे सुपरहिरो नाहीत, प्रेतं आहेत.

बोटामागचा टॉर्च

आधी एक साधा प्रयोग. अंधारात फोनचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट ठेवा. बोट लाल दिसतं, कारण प्रकाश कातडीवर आपटून सगळाच परत फिरत नाही. त्यातला काही आत शिरतो, रक्तामांसात इकडेतिकडे विखुरतो आणि दुसरीकडून बाहेर येतो. उन्हात उभ्या माणसाच्या कानाच्या पाळ्या लालसर दिसतात, त्या यामुळेच.

म्हणजे कातडी हा नुसता रंग नाही, तिला खोली आहे. रंगवलेलं लाकूड किंवा प्लास्टर कितीही हुबेहूब असलं तरी निर्जीव दिसतं, कारण प्रकाश रंगाच्या थरावरच थांबतो. कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांनाही हीच अडचण होती. प्रकाशाचं हे आतलं विखुरणं हिशेबात धरू लागल्यावर पडद्यावरची कातडी जिवंत वाटू लागली. २००२च्या ‘द टू टॉवर्स’मधला गॉलम हे त्याचं गाजलेलं उदाहरण. पुतळेवाल्यांना मात्र गणित नको होतं. त्यांना प्रकाश आत घेणारा पदार्थ हवा होता.

मेण

तो पदार्थ म्हणजे मेण. १७७५ साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ‘ला स्पेकोला’ हे संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या कार्यशाळेत माणसाच्या शरीराच्या मेणाच्या प्रतिकृती बनत. प्रेत टिकवायला तेव्हा शीतपेट्या नव्हत्या. शवविच्छेदन घाईघाईत उरकावं लागे आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. मेणाचं शरीर मात्र सडत नव्हतं. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना ते कितीही वेळ न्याहाळता येई.

कारागीर खऱ्या अवयवांवरून प्लास्टरचे साचे घेत आणि त्यांत वितळलेलं मेण थराथराने ओतत. रंग वरून फासण्याऐवजी मेणातच कालवलेला असे, त्यामुळे तो आतून दिसे. क्लेमेंते सुझिनी हा त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला कारागीर. १७८०च्या सुमारास त्याच्या हाताखाली घडलेली ‘व्हीनस’ आजही तिथे पडून आहे. डोक्याला खरे केस, गळ्यात मोत्यांची माळ, आणि पोटाचं झाकण उचललं की एकामागून एक निघणारे अवयव. ऑस्ट्रियाच्या सम्राटाला हे काम इतकं आवडलं, की व्हिएन्नाच्या वैद्यकीय शाळेसाठी त्याने हजाराहून जास्त प्रतिकृती बनवून घेतल्या. त्या खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून गेल्या.

हीच विद्या पॅरिसमध्ये मारी तुसाँ नावाच्या मुलीच्या हाती होती. फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली गेलेल्या माणसांच्या चेहऱ्यांचे साचे आपल्याला घ्यावे लागले, असं तिने पुढे आठवणींत सांगितलं. १८०२मध्ये ती इंग्लंडला गेली. ‘मादाम तुसाँ’ हे नाव आज कुणाला नवं नाही. आपल्याकडे लोणावळ्याच्या सहलीत ज्या पुतळ्यांशेजारी उभं राहून सेल्फी काढतात, तेही त्याच घराण्यातले.

पण मेण नाजूक. ते उष्णतेने मऊ पडतं, थंडीत तडकतं आणि ओतल्यावर आकसतं. म्हणून मूळ मातीचं डोकं खऱ्यापेक्षा साधारण २ टक्के मोठं घडवतात. तुसाँच्या लंडनमधल्या इमारतीला १९२५ साली आग लागली, तेव्हा कित्येक पुतळे वितळून गेले. वाचलेल्या साच्यांतून पुन्हा चेहरे ओतता आले. मेणाच्या पुतळ्यातही मेण थोडंच असतं. डोकं आणि हात मेणाचे, कपड्यांआडचं धड दुसऱ्याच कशाचं तरी.

प्रयोगशाळेतला चिकट गोळा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथे फ्रेडरिक किपिंग हा रसायनशास्त्रज्ञ सिलिकॉनच्या संयुगांवर काम करत होता. त्याला हवे होते नीट स्फटिक, हाती येत होते चिकट गोळे. ‘सिलिकोन’ हे नाव त्यानेच रुळवलं, पण या पदार्थांना फारसं भविष्य आहे असं त्याला म्हातारपणीही वाटत नव्हतं.

इथे नावाचा घोळ सोडवून घेऊ. तुमच्या फोनच्या चिपमधलं सिलिकॉन हे मूलद्रव्य. पुतळ्यातलं सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंची लांबलचक साखळी. मराठीत दोघांना आपण एकाच नावाने हाक मारतो.

किपिंगच्या गोळ्यांना दिवस आणले युद्धाने. १९४०मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या युजीन रोकाउने या पदार्थांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत शोधली. १९४३मध्ये डाउ कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. उंचावर उडणाऱ्या विमानांच्या विजेच्या जोडण्यांत दमट हवा शिरू नये, म्हणून तिची सिलिकॉनची लुकण वापरली गेली. १९६९मध्ये चंद्रावर जे ठसे उमटले, ते सिलिकॉन रबराच्या तळव्यांचे. उष्णता सोसणारं, थंडीत न तडकणारं आणि अर्धपारदर्शक, असं हे रबर. मेणात जे जे उणं होतं, ते नेमकं इथे होतं.

तरी शिल्पकार त्याच्याकडे लगेच वळले नाहीत. ड्वेन हॅन्सन या अमेरिकन शिल्पकाराने १९७०च्या आसपास सुपरमार्केटमधली बाई, पर्यटक अशी साधी माणसं घडवली ती फायबरग्लास आणि रेझिनची. अंगावर खरे कपडे, कातडीवर तैलरंग. पहिल्या नजरेला माणूस फसतो. जवळ गेलं की रंग दिसतो.

लंडनच्या रॉयल अकादमीत १९९७च्या ‘सेन्सेशन’ प्रदर्शनात एक छोटा देह जमिनीवर उताणा ठेवलेला होता. उघडा, साधारण १०२ सेंटिमीटर लांब. ‘डेड डॅड’. शिल्पकार रॉन म्युएकने तो आपल्या वडिलांच्या मृत्यूनंतर सिलिकॉनमध्ये घडवला आणि त्याला स्वतःचे केस लावले. म्युएक कलाशाळेतून आलेला नव्हता. आईवडील खेळणी बनवणारे, आणि तो स्वतः जिम हेन्सनच्या सिनेमांसाठी बाहुले करत वाढलेला. खेळण्यांच्या आणि सिनेमाच्या वर्कशॉपमधली विद्या घेऊन तो कलादालनात आला. पुढे कलेक्टिबलच्या धंद्याने तीच विद्या पुन्हा खेळण्यांच्या कपाटात नेली.

आत काय आहे?

साधा कलेक्टिबल पुतळा ‘पॉलीस्टोन’चा असतो, म्हणजे दगडाची पूड मिसळलेलं रेझिन. कडक, जड आणि वरून रंगवलेला. सिलिकॉनचा पुतळा मात्र थराथरांचा असतो.

आधी मूळ डोकं मातीत किंवा कॉम्प्युटरवर घडतं. त्यावरून बाहेरचा साचा घेतात. मग आत कडक गाभा बसवतात, रेझिनचा किंवा फायबरचा, मूळ डोक्यापेक्षा काही मिलिमीटर लहान. साचा आणि गाभा यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन ओतलं की तीच कातडी. गाभा नसेल तर मऊ सिलिकॉन आपल्याच वजनाने ओघळेल. पूर्ण आकाराच्या पुतळ्यात या गाभ्याला आतून लोखंडी किंवा स्टीलची सळई असते, ती पायांतून थेट चौथऱ्यात उतरते. कातडी जितकी मऊ, तितकं आतलं हाड पक्कं लागतं.

सिलिकॉन दोन भागांत येतं. ते एकत्र केले की प्लॅटिनमच्या उत्प्रेरकामुळे घट्ट होतं. हे प्लॅटिनम फार लहरी. मूळ मातीत गंधक असेल, हातात लॅटेक्सचे मोजे असतील, तर तेवढी जागा घट्टच होत नाही, चिकट राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. ओतण्याआधी मिश्रण निर्वात भांड्यात ठेवून हवेचे बुडबुडे काढतात, कारण नाकाच्या शेंड्यावर एक बुडबुडा राहिला तरी चेहरा गेला. ते किती मऊ राहावं, हेही मिश्रणातच ठरवतात.

रंगही आतूनच. सिलिकॉनमध्ये रंगद्रव्याबरोबर लाल-निळ्या बारीक तंतूंची भुकटी कालवतात. ते तंतू खोलवर दिसतात आणि केशवाहिन्यांचा भास होतो. वरून डाग, तीळ, शिरा द्यायच्या, तर रंगही सिलिकॉनमध्येच मिसळावा लागतो. सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय दुसरं काही नीट चिकटत नाही.

मग केस. सुईने एकेक केस कातडीत टोचायचा, दिशा सांभाळून. भुवई, दाढीचे खुंट, कपाळाजवळची विरळ लव. सर्वांत जास्त वेळ खातं ते हे काम, आणि ते अजूनही हातानेच होतं. फ्लॉरेन्सच्या मेणाच्या बाईला केस लावणाऱ्यांची सुई आणि ही सुई यांत फार अंतर नाही. फरक इतकाच, की तिथे सुझिनीचं नाव राहिलं. आज पूर्ण आकाराच्या लाखाच्या पुढच्या मूर्तीवर नाव असतं कंपनीचं आणि पात्राचं. भुवया टोचणाऱ्याचं नसतं.

म्हातारपण

घेणारा समजतो, हे कायमचं झालं. तसं नसतं. सिलिकॉन धूळ ओढून घेतं. कानाच्या पाळीसारख्या पातळ कडेला चीर पडली की ती वाढत जाते. गडद कपड्याचा रंग गळ्यावर उतरतो, आणि नकली चामड्यातली द्रव्यं पाझरून कातडी डागाळतात. मेणासारखं ते वितळणार नाही, पण जपावं लागतं. उन्हापासून दूर, मऊ ब्रशने झाडून, हात कमीत कमी लावून. एखाद्या आजाऱ्याला जपावं तसं.

फ्लॉरेन्समध्ये मेण आलं, कारण मेलेलं शरीर टिकत नव्हतं. मारी तुसाँने चेहरे धरून ठेवले ते मान उतरल्यावर. म्युएकने वडील गेल्यावर त्यांना पुन्हा घडवलं. सुपरहिरोच्या दुकानात शिरताना हे सगळं मागे पडलं असं वाटतं, आणि तिथेच हीथ लेजरचा चेहरा भेटतो. मुखवट्यातला बॅटमॅन पॉलीस्टोनमध्येही शोभतो. लेजरच्या चेहऱ्यासाठी मात्र लोक सिलिकॉन मागतात. त्यांना पात्राच्या रंगाखालचा माणूस हवा असतो.