रक्तातल्या क्लोराइडची मोजणी

रक्तातल्या क्षारांकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते पटकीने. १८३१ साली ही साथ इंग्लंडात पोहोचली, तेव्हा विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी या अवघ्या २२ वर्षांच्या डॉक्टराने रुग्णांचे रक्त तपासले. त्यातले पाणी आणि क्षार बरेच घटले होते, आणि घटलेले क्षार जुलाबांत सापडत होते. पुढच्याच वर्षी लीथ येथे थॉमस लाटा यांनी मीठ आणि सोडा विरघळवलेले पाणी थेट शिरेतून दिले. मरणपंथाला लागलेले काही रुग्ण त्याने वाचले. इतका स्पष्ट पुरावा समोर असूनही साथ ओसरताच हा उपचार मागे पडला, ही वैद्यकाच्या इतिहासातली मोठी हानी होय.

क्लोराइड नेमके मोजण्याची सोपी रीत १८५६ मध्ये कार्ल फ्रीडरिश मोर यांनी दिली. द्रावणात सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडले की क्लोराइड पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. ते संपले की आधीच घातलेल्या क्रोमेटमुळे विटकरी रंग उमटतो. लघवीसाठी रीत सोयीची होती. रक्तातली प्रथिने मात्र आधी वेगळी काढावी लागत. १९४१ मध्ये ओटो आणि सेल्मा शेल्स यांनी पाऱ्याच्या क्षारावर आधारलेली पद्धत मांडली, तेव्हा थोड्या रक्तात काम भागू लागले. आता प्रयोगशाळांत इलेक्ट्रोड हे काम करतात. पण ब्रोमाइड घेणाऱ्या रुग्णात ते ब्रोमाइडलाही क्लोराइड समजतात आणि आकडा खोटाच वाढतो.

कमी क्लोराइडचा अर्थ उलट्यांनी शिकवला. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. १९२० मध्ये अमेरिकेत मॅकॅलम आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या जठराचे आतड्याकडचे तोंड बंद केले. तेव्हा रक्तातले क्लोराइड घसरले, बायकार्बोनेट चढले आणि स्नायूंना आचके येऊ लागले. क्लोराइड गेले की मूत्रपिंड बायकार्बोनेट बाहेर टाकू शकत नाही, म्हणून रक्त अल्कधर्मी होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही हेच घडते.

या नात्याची दुःखद परीक्षा १९७८-७९ मध्ये झाली. अमेरिकेतील एका कंपनीने सोयाबीनपासून केलेल्या बाळदुधात मीठ घालणे बंद केले. केवळ त्या दुधावर वाढणारी बाळे भूक मंदावून खंगू लागली. त्यांच्या रक्तात क्लोराइड कमी आणि बायकार्बोनेट जास्त आढळले, आणि त्यावरूनच डॉक्टरांना दोष दुधापर्यंत नेता आला. १९८० साली अमेरिकेत बाळदुधाच्या घटकांविषयी कायदा झाला.

निरोगी प्रौढाच्या रक्तात दर लिटरला साधारण ९६ ते १०६ मिलिमोल क्लोराइड असते. प्रयोगशाळेगणिक ही मर्यादा थोडी बदलते. एकटा आकडा फारसे सांगत नाही. सोडियम आणि क्लोराइड दोन्ही चढले असतील तर शरीरात पाणी कमी पडल्याची शक्यता असते. क्लोराइड जास्त आणि बायकार्बोनेट कमी असेल, तर जुलाबांतून बायकार्बोनेट गेलेले असते किंवा मूत्रपिंडाच्या नलिका आम्ल बाहेर टाकण्यात कमी पडतात. तिसरे कारण रुग्णालयातच घडते: नेहमीच्या सलाइनमध्ये दर लिटरला १५४ मिलिमोल क्लोराइड असते, रक्तापेक्षा दीडपट, त्यामुळे अशा बाटल्या भराभर चढवल्या की रक्ताची आम्लता वाढते.