तीन वेळा तीस

इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला ज्यांनी मायक्रोकंट्रोलरवर प्रोजेक्ट केलाय, त्यांना १६ बाय २ चा एलसीडी काय असतो ते सांगायला नको. प्रोटिअससारख्या सिम्युलेटरमध्ये त्यावर कॉलेजचं नाव झकास दिसतं. तोच प्रोग्रॅम खऱ्या बोर्डावर टाकला की वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन! कधी उलट, सिम्युलेटरमध्येच स्क्रीन कोरी. मग काय, डिले वाढव, वायर हलव, कुठूनतरी उचललेला कोड चिकटव. माझं मत विचाराल तर या भानगडीचं मूळ इतिहासात आहे.

इंटेलचा ८०५१ आला १९८० साली. पाय चाळीस, कामं जास्त. म्हणून पोर्ट शून्यच्या आठ पायांवरून बाहेरच्या मेमरीचा पत्ता आणि डेटा आलटूनपालटून न्यायचं ठरलं. साधं पोर्ट म्हणून वापरलं तर हे पाय 'ओपन ड्रेन' असतात, म्हणजे व्होल्टेज खाली ओढतात, वर नेत नाहीत. एलसीडी तिथे जोडून पुल-अप रेझिस्टर विसरलात की सिम्युलेटरमध्येही काही उमटत नाही.

दुसरं पात्र हिताचीचा एचडी४४७८० हा डिस्प्ले कंट्रोलर, ऐंशीच्या दशकातला. तेव्हा ४ बिटचे प्रोसेसरही जोरात वापरात होते, त्यामुळे हा ८ आणि ४ बिट दोन्ही भाषा बोलतो. ४ बिटमध्ये एक बाइट दोन तुकड्यांत जातो. आता गंमत बघा. मधेच फक्त प्रोसेसर रीसेट झाला, तर एलसीडीला त्याचा पत्ताच नसतो. तो ८ बिटमध्ये असेल, ४ बिटमध्ये पहिल्या तुकड्याची वाट बघत असेल, किंवा दुसऱ्याची. या तिन्ही शक्यतांवर हिताचीच्या डेटाशीटमधला उतारा म्हणजे ३० हेक्स ही आज्ञा सलग तीन वेळा. आधी १५ मिलिसेकंद थांबायचं, पहिलीनंतर ४.१ मिलिसेकंद, दुसरीनंतर १०० मायक्रोसेकंद. तिसऱ्यानंतर चिप कुठेही अडकलेली असो, ८ बिटवर येतेच. कोडमधला तो 'मंत्र' म्हणजे एवढंच शुद्ध तर्कशास्त्र!

सिम्युलेटरमध्ये मात्र प्ले दाबला की प्रोसेसर आणि एलसीडी दोघेही कोऱ्या पाटीने सुरू होतात. मंत्र गाळला तरी खपून जातो. कॉन्ट्रास्टची पिन मोकळी सोडली तरी अक्षरं दिसतात. खऱ्या बोर्डावर तीच पिन जागेवर नसेल तर स्क्रीन कोरी तरी दिसते, नाहीतर काळी.

वेळेच्या बाबतीत मात्र प्रोटिअस कडक आहे. एलसीडी कामात असताना आज्ञा पाठवलीत तर लॉगमध्ये तशी तक्रार येते. ती वाचायचे कष्ट फार थोडे लोक घेतात. आणखी एक मेख म्हणजे स्केमॅटिकमध्ये काढलेला क्रिस्टल शोभेचा असतो. वेग ठरतो तो मायक्रोकंट्रोलरच्या प्रॉपर्टीमधल्या क्लॉक फ्रिक्वेन्सीवरून. ती चुकली की तुमचे सगळे डिले चुकले.

आणि बॅकस्लॅश पाठवल्यावर येनचं चिन्ह उमटलं तर कोड तपासत बसू नका. चिपच्या जपानी रॉममध्ये त्या जागी येनच आहे.

हिताचीचा चिप-व्यवसाय २००३ साली रेनेसासमध्ये गेला, पण सॅमसंगच्या केएस००६६ सारख्या नकलांनी तोच रिवाज पुढे चालवला. म्हणून म्हणतो, डिले दुप्पट करून बघण्याआधी तो मुळात कशासाठी घातला होता ते एकदा वाचा. सिम्युलेटर तुम्हाला पास करेल हो, पण बोर्ड सबमिशनच्या दिवशी तोंडी परीक्षा घेतो!