डफीची कडी आणि आपले रक्त

हिवताप म्हणजे काय, हे धानोऱ्याच्या श्रोत्यांना आम्ही सांगावे असे नाही. सातपुड्याच्या या मुलखाची आणि त्या तापाची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. परंतु डासाने दिलेला जंतू तांबड्या पेशीत शिरतो तरी कोणत्या दाराने, हे आपण सहसा विचारीत नाही. त्या दाराचा इतिहास आम्ही आज थोडक्यात सांगणार आहो. कारण त्याच्या शेवटी आपल्या घरचाच एक प्रश्न उभा आहे.

इंग्लंडात डफी आडनावाचा एक रुग्ण होता. जखमेचे रक्त लवकर थांबू नये, असा त्याचा जन्मजात विकार; त्यामुळे त्याला वारंवार रक्त द्यावे लागे. त्याच्या रक्तात एक अनोळखी प्रतिद्रव्य आढळले. त्याचा माग काढता काढता 1950 साली मेरी कटबुश, मॉलिसन व पार्किन यांना तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील एक नवी खूण सापडली. तिला त्या रुग्णाचेच नाव मिळाले.

ही खूण कशासाठी, हे पुढे पंचवीस वर्षे उमगले नाही. पश्चिम आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर ती नसते, आणि व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप त्यांना सहसा होत नाही. 1976 साली लुई मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. जंतू हीच कडी धरून आत शिरतो! 2010 साली मादागास्करमध्ये कडी नसलेल्या काहींनाही हा ताप आढळला. म्हणजे शत्रू दुसरी वाटही शोधतो. भारतात बहुतेकांच्या पेशींवर ही कडी आहे.

मग शत्रूच्या सोयीची कडी शरीराने बाळगली कशाला? 1993 साली होरूक व सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. कोठे दाह झाला, की काही रेणू पांढऱ्या पेशींना सांगावा धाडतात. त्यांना धरून ठेवणारा ग्राहक तो हाच. म्हणजे ज्याला आपण चोराची वाट समजलो, तो घरचाच कामकरी निघाला.

आता घरचा प्रश्न. याच कटबुशबाईंनी हर्मन लेहमान यांच्यासह 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेलचा वारसा असल्याचे प्रसिद्ध केले. तो वारसा आपल्या भिल्ल-पावरा घरांतही आहे. एकाच पालकाकडून आला, तर फाल्सिपेरम जातीच्या घातक हिवतापापासून बरेचसे रक्षण करतो. दोघांकडून आला, तर पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि लेकराला असह्य कळा येतात. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला या आजाराचा धोका चारांत एक असतो.

1 जुलै 2023 रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. परंतु सोयरीक मोडेल या भीतीने तपासणीच चुकविली, तर मोहीम काय करणार? श्रोतेहो, वाहक असणे हा कलंक नव्हे; हिवतापाशी झुंजलेल्या पूर्वजांची ती खूण आहे. तेव्हा लग्नाची बोलणी निघाली, की पत्रिकेआधी रक्त तपासून घ्या, एवढीच आमची विनंती.