युद्धाचे चित्रपट : कोणते पाहावेत आणि का



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, ओव्या, आरोग्याचे लेख असे पुष्कळ उपयुक्त साहित्य येते. यंदा मी जरा निराळा विषय घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु चित्रपटांची आवड लहानपणापासून आहे, आणि त्यातही युद्धाचे चित्रपट मी मन लावून पाहते. बाईमाणसाला लढाईची चित्रे कशाला हवीत, असे काही जणी मला विचारतात. त्यांच्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आपले चिरनेर ही काही रणभूमी नव्हे. तरीही बंदुकीची गोळी म्हणजे काय, हे या गावाला ठाऊक आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. इंग्रज सरकारच्या जंगल कायद्याविरुद्ध आसपासच्या गावांतील आगरी, कोळी, कातकरी, सारी शेतकरी मंडळी कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगल तोडायला निघाली, आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. आठ जण हुतात्मे झाले. त्यांत आपल्या चिरनेरचा नाग्या कातकरी होता. कोप्रोली, खोपटे, पाणदिवे, दिघोडे, जुई या गावांचेही पुत्र होते. त्याच दिवशी मामलेदार जोशी यांनाही गोळी लागून मृत्यू आला. दरवर्षी २५ सप्टेंबरला आपण स्मारकापाशी जमतो. तेथे आठही जणांची नावे घेतली जातात. 'आठ माणसे मेली' एवढेच म्हणून आपण थांबत नाही. कोण, कुठला, कोणाचा, हे सांगतो.

युद्धाच्या चित्रपटालाही मी हेच माप लावते. मेलेला माणूस कोणाचा होता हे जो सांगतो, तो चित्रपट चांगला. नुसता धूर, स्फोट आणि आरडाओरडा दाखवतो, तो फटाक्यांच्या दुकानासारखा. डोळे दिपतात, हाती काही राहत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या प्रकारच्या चित्रांची परंपरा फार जुनी आहे. बोलपट येण्यापूर्वी, १९२३ साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' हा मूकपट काढला. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर तो आधारला होता. त्यात शेलारमामांची भूमिका करणारे तरुण नट म्हणजे व्ही. शांताराम. पुढे १९३३ साली त्यांनीच प्रभात कंपनीतर्फे 'सिंहगड' बोलपट काढला. २०२० साली हीच कथा अजय देवगण यांच्या 'तान्हाजी'मधून साऱ्या देशाने पाहिली. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ हे गाव आपल्याच रायगड जिल्ह्यात, पोलादपूर तालुक्यात आहे, हे मुलांना मुद्दाम सांगावे. मुलाचे लग्न घरात काढलेले असताना तो वीर गडावर गेला, ही कथा आपण सर्व जाणतो. मला मात्र नेहमी त्या मांडवाची आठवण येते. गड ४ फेब्रुवारी १६७० रोजी आला. त्या घरातील बायकांनी ती बातमी कशी ऐकली असेल?

आता जरा परदेशाकडे वळू. आपला सत्याग्रह झाला त्याच १९३० साली अमेरिकेत 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा बोलपट निघाला. एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाच्या कादंबरीवरून लुईस माइलस्टोन यांनी तो काढला. वर्गातील मुलांना एक मास्तर मोठमोठी भाषणे देऊन लढाईवर जायला चढवतात. मुले जातात आणि एकेक करून खंदकात मरतात. शेवटचा मुलगा एका फुलपाखराकडे हात लांब करतो आणि गोळीला बळी पडतो. मास्तर मात्र वर्गात बसून पुढच्या मुलांना तीच भाषणे देत असतात! डिसेंबर १९३० मध्ये बर्लिन शहरात हिटलरच्या माणसांनी चित्रपटगृहात दंगा घातला आणि तेथे या चित्रावर बंदी आली. साध्या चित्राची एवढी भीती का वाटावी? कारण त्यात शत्रू नव्हता, कोणाकोणाची मुले होती. २०२२ साली जर्मनांनी स्वतःच ही कथा पुन्हा पडद्यावर आणली, आणि तिला चार ऑस्कर पारितोषिके मिळाली.

आपल्या मराठी माणसाचा खरा युद्धपट म्हणाल, तर मी व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'चे नाव घेईन. हा १९४६ सालचा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटनीस १९३८ साली, जपानने चीनवर चढाई केली असताना, काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परत आले. कोटनीस तेथेच राहिले. तेथील परिचारिका को चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांना मृत्यू आला. चित्रपटात शांतारामांनी स्वतः डॉक्टरांचे आणि जयश्री यांनी त्यांच्या पत्नीचे काम केले आहे. या चित्राचा नायक माणसे मारत नाही, वाचवतो. युद्धपटाचा असा नायक आपल्या सोलापूरने दिला, याचा मला मोठा अभिमान वाटतो. प्रत्यक्षात को चिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या. परक्या देशातील सुनेला सासरची ओढ राहिली, ही गोष्ट आपण बायकांनीच नीट समजून घ्यावी अशी आहे.

स्त्रीच्या बाजूने युद्ध दाखवणारे आणखी एक चित्र १९५७ साली रशियात निघाले. मिखाईल कालातोझोव यांच्या त्या चित्राला इंग्रजीत 'द क्रेन्स आर फ्लाइंग' म्हणतात. युद्ध संपून आगगाडी येते. व्हेरोनिका आपल्या बोरिससाठी फुले घेऊन स्टेशनवर उभी असते. तो आता येणार नाही हे कळल्यावर ती रडत रडत तीच फुले परतलेल्या इतर सैनिकांना वाटून टाकते. एवढ्या एका प्रसंगात सारे युद्ध आले, असे मला वाटते.

१९६२ साली चीनने आपल्यावर आक्रमण केले. तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि देशभर स्त्रियांनी अंगावरचे सोने संरक्षण निधीत दिले. त्या युद्धावर चेतन आनंद यांनी १९६४ साली 'हकीकत' काढला. बलराज साहनी आणि धर्मेंद्र यांच्या भूमिका, मदनमोहन यांचे संगीत, आणि लडाखचे खरे डोंगर. जिंकलेल्या लढाईचे चित्र कोणीही काढील; पराभवानंतर दोनच वर्षांत, माघार घेणाऱ्या जवानांचे चित्र काढणे हे धैर्याचे काम होते. बर्फात बसून प्रत्येक जवान आपापले घर आठवतो, ते गाणे ऐकताना स्वयंपाकघरातले हात थांबतात.

१९९१ सालचा 'प्रहार' नाना पाटेकरांनी दिग्दर्शित केला. त्यांचा जन्म मुरूड-जंजिऱ्याचा, म्हणजे तेही आपल्याच जिल्ह्याचे. या चित्रासाठी त्यांनी सैनिकी प्रशिक्षण घेतले होते. बेकरीवाल्याचा मुलगा पीटर कमांडो होतो, ओलिसांना सोडवताना अपंग होऊन घरी येतो, आणि सीमेवर नव्हे तर स्वतःच्या गल्लीत, खंडणी मागणाऱ्या गुंडांच्या हातून मरतो. शेजारी खिडक्या लावून घेतात. सैनिकाने आपले रक्षण करावे, पण त्याच्यासाठी आपण दार उघडणार की नाही, हा प्रश्न हे चित्र विचारते. उत्तर प्रत्येकीने आपल्या मनाशी द्यावे.

१९९७ सालचा जे. पी. दत्ता यांचा 'बॉर्डर' न पाहिलेले घर विरळा. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानात लोंगेवाला चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाडे रात्रभर अडवून धरले. सकाळी आपल्या विमानांनी ते फोडले. चांदपुरींना महावीरचक्र मिळाले. चित्र पाहताना ऊर भरून येतो. परंतु चित्रात आपले पुष्कळ जवान पडतात, आणि प्रत्यक्षात त्या चौकीवर आपले दोन जवान कामी आले. मला हे कळले तेव्हा मी विचार केला, जास्त मृत्यू दाखवले म्हणजे शौर्य जास्त होते का? एवढ्या थोड्या माणसांनी अशी रात्र काढली आणि बहुतेक सारे जिवंत राहिले, यातच चांदपुरींचे खरे मोठेपण नाही का?

अलीकडे दिग्पाल लांजेकर यांनी शिवकालावर मराठी चित्रांची मालिकाच काढली आहे. त्यांतला २०२२ सालचा 'पावनखिंड' अवश्य पाहावा. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले. बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी खिंड लढवली हे आपण शाळेत शिकलो. परंतु महाराजांचा वेष घेऊन जाणून-बुजून शत्रूच्या हाती सापडलेला शिवा काशीद हा नाभिक समाजाचा तरुण, त्याचीही आठवण या चित्राने लहान मुलांपर्यंत पोचवली. लहान माणसाचे नाव राहिले, म्हणून हे चित्र माझ्या मापात बसते.

हे सारे मी हौसेखातर लिहीत नाही. माझा धाकटा मुलगा सैन्यभरतीची तयारी करीत आहे. पहाटे चारला उठून रस्त्यावर धावतो, आणि रात्री मोबाईलवर लढाईची चित्रे पाहतो. आपल्या गावातील आणखी काही मुले त्याच्याबरोबर धावतात. मी त्याला अडवले नाही, अडवणारही नाही. देशाला जवान हवेत आणि ते कोणाच्या तरी घरातूनच जाणार. पण एके दिवशी मी त्याला म्हटले, "बाबू, गोळ्या उडवणारी चित्रे तू पाहिलीस, आता माझ्याबरोबर 'हकीकत' बघ." बसला. चित्र संपल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आये, तरी मी जाणार." मी म्हटले, "जा. पण सारे पाहून जा." त्याच्या आवाजात आधीचा फुशारकीचा सूर नव्हता, आणि म्हणून मला थोडा धीर आला.

तेव्हा मंडळाला माझी एक सूचना आहे. येत्या हळदीकुंकवाला वाण तर आपण लुटूच. त्याबरोबर समाजमंदिरात पडदा लावून 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' दाखवावा, आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पुढच्या रांगेत बसवावे. पुढे २५ सप्टेंबरच्या आठवड्यात 'हकीकत' ठेवावा. पडद्याचा आणि यंत्राचा खर्च वर्गणीतून सहज निघेल. त्या दिवशी चहा आणि तांदळाच्या भाकऱ्या माझ्याकडे लागल्या.