आळ्याचा रेडा आणि मुक्ताईची ताटी

जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याजवळच्या आळे गावी एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मसभेपुढे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तोच हा रेडा. भावंडे आळंदीकडे परतताना त्याने इथे देह ठेवला, अशी परंपरा. शाळकरी मुलांच्या ‘भावनिक बुद्धिमत्ते’चे मूळ शोधायचे तर मी या समाधीपाशी थांबेन.

रूढ वंशावळ एका दमात सांगतो. 1920 साली थॉर्नडाइकने सामाजिक बुद्धिमत्ता मांडली, 1990 साली सॅलोव्ही आणि मेयर यांनी भावनिक बुद्धिमत्तेची व्याख्या केली, 1995 साली गोलमनच्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. आपल्याकडे 1997च्या मूल्यशिक्षणात ‘संवेदनशीलता’ आली, पण वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा यांच्या पंगतीत. ज्ञानेश्वरी 1290ची, म्हणजे सॅलोव्ही-मेयर यांच्या निबंधाआधी बरोबर 700 वर्षे. हा पुरावा नव्हे, पण सांगायचा मोह आवरत नाही.

वेदांचा चमत्कार सगळ्यांना पाठ असतो. कीर्तनकार आणखी एक सांगतात: आसूड रेड्यावर ओढले आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले. दुसऱ्याचे दुःख ओळखणे ही या विद्येची पहिली पायरी. मात्र नुसते वळ उठून भागत नाही, त्या वेदनेचे पुढे काय करायचे हेही कळावे लागते. तिथे रेड्याची कथा अपुरी पडते आणि ताटीचे अभंग कामाला येतात. लोकांनी हिणवले म्हणून ज्ञानोबा रुसून ताटी, म्हणजे झोपडीचे दार, लावून बसले, आणि धाकट्या बहिणीने, मुक्ताईने बाहेरून समजूत घालून त्यांना दार उघडायला लावले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला वयाचा: ही गोष्ट शाळकरी वयाच्या मुलाची म्हणता येईल का? ज्ञानेश्वरांचा जन्म शके 1193चा की 1197चा, यावर एकमत नाही. शके 1212ला ज्ञानेश्वरी झाली तेव्हा ते 19 वर्षांचे, नाहीतर 15 वर्षांचे. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 हे किशोरवय धरते, म्हणजे कुठलाही शक घ्या, पोरगा किशोरच! दुसरा आक्षेप जड आहे. शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने, ज्ञानेश्वरीकार वेगळा आणि अभंगकार वेगळा, असा वाद मांडला होता. तो खरा मानला तरी माझे फारसे बिघडत नाही. कथा कोणाचीही असो, रुसलेल्या पोराला कसे बोलते करावे हे इथल्या माणसांना ठाऊक होते, एवढे तिच्यावरून दिसतेच.

आता आजची पद्धत पाहा. घोडेगावच्या आदिवासी प्रकल्पाखालच्या एखाद्या आश्रमशाळेत, घरापासून दूर राहणाऱ्या आठवीतल्या मुलीपुढे प्रश्नावली ठेवली जाते: ‘मला राग आवरता येतो.’ नेहमी, कधीकधी, कधीच नाही. सर समोर उभे असले की टिकमार्क ‘नेहमी’वरच पडणार! मुक्ताईने भावाला असले काही विचारले नव्हते. ती दाराबाहेर राहिली आणि तो कोण आहे याची त्याला आठवण देत राहिली. मला तरी ही रीत प्रश्नावलीपेक्षा सरस वाटते.

तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकांना एक विनंती. ताटीचे अभंग फक्त आषाढीच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवू नका. वर्गात भांडण होऊन कोणी कोपऱ्यात जाऊन बसले, की त्या दिवशी ते वाचायला काढा.