दाण्यातली बरकत

आमच्या घरी भाकरीचा तुकडा खाली पडला, की अम्मी तो उचलून कपाळाला लावायची. पोट भरतं पण अंगी लागत नाही, अशा अन्नाला बरकत नाही, असं ती म्हणायची. तिच्या या शब्दाचा एक अर्थ मला पुढे जस्ताच्या इतिहासात सापडला.

१९५८ साली मूळचे बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद इराणमध्ये शिराझला काम करत होते. शिराझ म्हणजे आम्हा कवींसाठी सादी आणि हाफिजचं गाव. तिथे त्यांच्यापुढे एक रुग्ण आला. वय एकवीस, दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. आहार मुख्यतः न आंबवलेल्या पिठाची रोटी आणि सोबत माती खाण्याची सवय. रोटी पोटभर होती. पण धान्यातलं फायटेट जस्त अंगी लागू देत नव्हतं. पुढे इजिप्तमधल्या अभ्यासातून १९६३ साली माणसातली जस्ताची उणीव सिद्ध झाली. जस्त दिल्यावर खुंटलेली मुलं वाढू लागली.

त्याच दशकात हिमालयाच्या पायथ्याशी, पंतनगरला, भाताची पानं तांबूस पडून रोपं खुरटत होती. या रोगाला ‘खैरा’ म्हणत. १९६६ साली डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी दाखवून दिलं, की ही जंतूंची करणी नाही, जस्ताची भूक आहे. उपाय साधा होता : हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि पानं करपू नयेत म्हणून अडीच किलो चुना, पाण्यात मिसळून फवारायचा.

पण हा फवारा पीक वाचवण्यासाठी होता. खाणाऱ्याचा विचार नंतर आला. तुर्कस्तानच्या मध्य अनातोलियातल्या जमिनीत जस्त कमी. तिथल्या गव्हावर इस्माइल चाकमाक आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून काम केलं. जमिनीत दिलेल्या जस्तानं उत्पन्न वाढलं; दाण्यातलं जस्त मात्र पानांवरच्या फवाऱ्यानं अधिक वाढलं. त्यातही वेळ महत्त्वाची. फुलोऱ्यानंतर, दाणा चिकात असताना फवारलं, की जस्त पानातून दाण्यात उतरतं.

अडचण एवढीच, की या उशिराच्या फवाऱ्यानं उत्पन्न वाढतंच असं नाही. खर्च शेतकऱ्याचा, लाभ कुणा अनोळखी मुलाचा. बाजारात पोत्याचं वजन होतं, दाण्यातल्या जस्ताचं होत नाही. अम्मीच्या बरकतीला मोल होतं. आपल्या काट्यावर तिला भाव कधी मिळणार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)